बाणाचे टोक शोधताना

मुलांनो, तुम्ही कधी पाण्याच्या मधोमध अडकून पडला आहात का? आम्ही पडलो. आणि कोकणातल्या खाडीत वगैरे नाही बरं का, आपल्या नगर जिल्ह्यात! (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण लहानपणापासून जिभेवर बसलेले 'नगर' काही लवकर उतरत नाही.) दुष्काळ, टँकर आणि जनावरांच्या छावण्या यांसाठी जो जिल्हा वर्तमानपत्रात येतो, तिथे आमची नाव पाण्यात अडकली, हे सांगितले की माझ्या वर्गातली मुलेसुद्धा हसतात. म्हणून सगळे पहिल्यापासून सांगते.

सुरुवात झाली एका चित्रापासून. माझी मुलगी सहावीत आहे. तिने शाळेच्या वाचनालयातून एक पुस्तक आणले होते. त्यात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या दगडी बाणटोकांचे चित्र होते. छान त्रिकोणी, खाली दोन खाचा असलेली. तिकडे शेत नांगरताना अशी टोके वर येतात आणि मुले ती शोधत हिंडतात, असे त्यात लिहिले होते. झाले! "आई, आपल्याकडे का नाही सापडत?" हा प्रश्न आठवडाभर घरात घुमत राहिला. शेवटी तिने फोन लावला तो थेट मामाला. माझा धाकटा भाऊ नेवासा तालुक्यात, प्रवरासंगमजवळ राहतो. तो म्हणाला, "या की इकडं! आमच्या टोक्याला तर साक्षात रामाच्या बाणाचं टोक पडलंय!"

मग काय, फेब्रुवारीतला एक शनिवार ठरला. माझी शाळा शनिवारी सकाळची. ती सुटल्यावर तारकपूर स्टँडवर एस.टी. पकडली. इमामपूरचा घाट, पांढरी पूल, घोडेगाव, वडाळा, नेवासा फाटा... धाकट्याला (तो तिसरीत आहे) घाटात उलटी झाली, तेवढे सोडले तर प्रवास छान झाला.

प्रवरासंगम म्हणजे नावातच सगळे आले. रतनगडावर उगम पावलेली आपली प्रवरा भंडारदऱ्याचे धरण भरते, अकोले, संगमनेर करीत सुमारे २०० किलोमीटर येते आणि इथे गोदावरीला मिळते. पण आज तिथे जाऊन 'ही प्रवरा, ही गोदावरी' असे बोट दाखवणे अवघड आहे. कारण दोघींचा मिळून तलाव झाला आहे. पैठणला जायकवाडीचे धरण आहे ना, त्याचे पाणी इथपर्यंत मागे पसरते. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्या धरणाची पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. भिंत जवळजवळ १० किलोमीटर लांब, दरवाजे २७. मागच्या जलाशयाला नाव दिले नाथसागर, पैठणच्या एकनाथ महाराजांवरून. तो सुमारे ५५ किलोमीटर लांब आहे. सागर म्हणायला हरकत नाही!

संगमाच्या अलीकडे टोके, म्हणजे आमच्या नगर जिल्ह्यात; आणि पलीकडे कायगाव, ते छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. टोक्याचे सिद्धेश्वराचे दगडी मंदिर आणि घाट बघूनच आम्ही खाली उतरलो. मामाने एका ओळखीच्या नाववाल्या काकांना सांगून ठेवले होते. मासेमारीची छोटी फायबरची नाव. मागे दोरी ओढून सुरू करायचे इंजिन. आम्ही सहा जण, आणि अंगात घालायची तरंगती जाकिटे होती दोन. ती मुलांना घातली. मी खरे सांगते, त्या वेळी मला त्यात काही चुकीचे वाटले नाही. मला पोहता येत नाही. आमचे हे म्हणतात की त्यांना येते, पण ते पोहणे विहिरीतले, कमरेला पांगारा बांधून! सगळ्यांना जाकिटे नसतील तर नाव सोडायचीच नाही, हे मी वर्गात शिकवते. आणि मीच चार जणांना तशीच बसवून निघाले.

पहिला अर्धा तास काय मजा आली म्हणून सांगू! नाथसागराला १९८६ पासून पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे. दूर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ दिसली. चक्रवाकांच्या जोड्या दिसल्या. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस दिसले. ते हिमालय ओलांडून इकडे येतात. धाकटा म्हणाला, "आणि मला घाटात उलटी होते!"

एवढ्यात मागून 'खर्रर्र... खट्' असा आवाज आला आणि इंजिन गप्प झाले.

कुणाचे तरी तुटलेले नायलॉनचे जाळे पाण्यात पडले होते. ते पंख्यात गुंडाळले गेले. काकांनी इंजिन वर उचलले, विळ्याने जाळे कापून काढले, पण तेवढ्यात पंख्याची पिन तुटलेली निघाली. इंजिन चालू होई, पंखा फिरत नसे. वारा सुटला होता. नाव हळूहळू आडवी वाहू लागली. मला वाटले, वाहत वाहत पार पैठणला जाणार. पण शंभरएक पावले गेल्यावर खालून 'खस्स्' झाले आणि नाव रुतली. सव्वापाच वाजले होते.

"वल्हं मारा ना!" मी म्हटले.

"ताई, वल्हं गाळात चालत न्हाई," काका शांतपणे म्हणाले. त्यांनी लांब बांबू काढला आणि रेटून पाहिले. बांबूच हातभर आत गेला. नाव काही हलेना. आम्ही घाबरून एका बाजूला सरकलो, तशी नाव कलली. "एका अंगाला बसू नका! जागच्या जागी ऱ्हावा!" काका पहिल्यांदाच ओरडले. धाकट्याने माझा हात जो धरला तो सोडला नाही.

आमच्या ह्यांना वीरश्री चढली. "मी उतरून ढकलतो," म्हणाले. "दाजी, नका उतरू. म्हैस फसती हितं!" काका म्हणेपर्यंत ह्यांचा एक पाय गुडघ्यापर्यंत आत. मामाने आणि काकांनी बगलेत धरून ओढला. पाय आला, चप्पल राहिली. नवी होती, दिवाळीला घेतलेली. आजही ती नाथसागराच्या तळाशी आहे, आणि त्यावरून आमच्या घरी अजून बोलणी होतात.

मामाच्या मोबाइलला रेंज होती हे नशीब. त्याने फोन करून दुसरी नाव मागवली. "तासभर लागंल," तिकडून उत्तर आले. आता तासभर करायचे काय? वर आभाळ तांबडे होत चाललेले, आणि चारी बाजूंनी पाणी.

तेव्हा मामाने टोक्याची गोष्ट सांगितली. राम सोनेरी हरणाच्या मागे धावला, ते इथेच. बाण लागला, हरणाची काया पडली ते कायगाव, आणि बाणाचे टोक पडले ते टोके. "काही म्हातारी माणसं म्हणतात, टोक्याला टोक न्हाई, हरणाचं डोकं पडलं," काकांनी दुरुस्ती केली. दोघांचा त्यावर थोडा वादही झाला. मुलगी मात्र पाण्यात वाकून बघत होती, जणू टोक आता वर येणार.

"त्याच्या खाली काय आहे माहितीय का पोरी?" काका म्हणाले. "जोतं. घराचं. म्हणून नाव बसली. धरणाच्या आधी इथं वस्ती व्हती. माझा बाप सांगायचा, ह्या अंगाला चिंच व्हती, त्या अंगाला मारुती. पाणी आलं तसं उठून वर गेलो. लय आटलं की कधीमधी भिंती उघड्या पडत्यात. पोरं जात्यात बघायला, कुणी पाटा-वरवंटा उचलून आणतो, कुणी उखळ." मग थोडे थांबून म्हणाले, "पण कुठलं उखळ कुणाच्या घरचं, हे आता कुणाला सांगता येत न्हाई."

हे वाक्य माझ्या मनात राहिले. का, ते पुढे सांगते.

पावणेसातला दुसरी नाव आली. दोर बांधून आम्हाला ओढून काढले. घाटावर पाय टेकल्यावर आधी मी दोन्ही पोरांना जवळ घेतले. रात्री वहिनीने चिलापीचा झणझणीत रस्सा केला होता. धाकट्याने तीन भाकरी खाल्ल्या.

रविवारी सकाळी नेवाशाला गेलो. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो पैस खांब तुम्हाला माहीत असेलच. आधी त्याचे दर्शन घेतले आणि मग प्रवरेच्या पात्रात उतरलो.

मुलांनो, नेवाशाचे नाव जगभरच्या पुराणवस्तूंच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. ज्ञानेश्वरी तर आहेच, पण इथल्या दगडांमुळेही! पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्राध्यापक डॉ. हसमुख सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात इथल्या 'लाडमोड' नावाच्या टेकाडावर उत्खनन केले. वरच्या थरांत मराठेशाही आणि मुसलमानी राजवटीचे अवशेष. त्याखाली सातवाहनांचा काळ, त्यात रोमहून आलेल्या मद्याच्या उभट घागरींची खापरे. त्याखाली तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे शेतकरी. तांबे वापरणारे, पण रोजच्या कामाला दगडाची पाती वापरणारे. त्यांच्या लाल खापरांवर काळी नक्षी असते. अशी खापरे आधी आपल्याच जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये मिळाली, म्हणून त्या संस्कृतीला नावच पडले 'जोर्वे संस्कृती'. एका लहानशा खेड्याचे नाव!

त्या लोकांत एक रीत होती. लहान मूल दगावले तर त्याला घराच्या जमिनीखालीच, दोन रांजणांची तोंडे एकमेकांना जोडून त्यात ठेवत. नेवाशाला अशा एका बाळाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांब्याच्या गंजामुळे मण्यांच्या आतला दोरा टिकून राहिला होता. तो तपासला तेव्हा त्यात रेशीम आणि कापूस निघाला! मुलीला मी हे नदीकाठी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याच्या आईने ओवली असेल ना?"

आणि या शेतकऱ्यांच्याही कितीतरी आधी, लाखो वर्षांपूर्वी, प्रवरेच्या काठी माणूस होताच. नेवाशाजवळ चिरकी नावाची जागा आहे. तिथे १९६६ ते १९६९ या काळात गुडरुन कॉर्विनस या जर्मन विदुषीने उत्खनन केले आणि दगडी हातकुऱ्हाडींचा मोठा साठा उजेडात आणला. उन्हातान्हात प्रवरेचे सगळे खोरे त्या पायी तुडवत हिंडल्या. पुढे त्यांनी आफ्रिकेत इथिओपियात आणि नेपाळमध्येही असेच काम केले. सांकलियांना नदीच्या गोट्यांच्या थरांत आणखी निराळी, लहान हत्यारे मिळाली: कातडे खरवडायच्या तासण्या, भोके पाडायचे टोचे. त्यांना त्यांनी 'नेवासियन' असे नावच देऊन टाकले होते.

"पण बाणाचं टोक?" मुलगी परत मुद्द्यावर.

तर ऐका. त्या पुस्तकातल्यासारखी खाचांची त्रिकोणी टोके आपल्याकडे सहसा मिळत नाहीत. आपल्याकडच्या कारागिरांची युक्ती वेगळी होती. ते गारगोटीची नखाएवढी पाती काढत. कुणी चंद्रकोरीसारखी, कुणी त्रिकोणी. ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने किंवा राळेने चिकटवली, की झाला बाण, झाला विळा! एक पाते मोडले तर तेवढेच बदलायचे. सगळा बाण फेकायला नको. आपल्या दाढीच्या पात्यासारखेच, असे ह्यांचे मत.

मग नदीतला साधा दगड आणि माणसाने घडवलेला दगड ओळखायचा कसा? जाड काचेच्या बाटलीचा तुकडा उडालेला बघा. जिथे मार बसला तिथे थोडा फुगवटा येतो आणि तिथून शिंपल्यावर असतात तशा लाटा पसरतात. अगेट, जास्पर, चर्ट असे काचेसारखे फुटणारे दगड आपल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत आणि भेगांत तयार होतात. त्यांवर असा फुगवटा आणि लाटा दिसल्या, आणि एकाच दिशेने बरेच टवके काढलेले दिसले, तर तिथे माणसाचा हात लागला असण्याचा संभव मोठा. नदीत गडगडत आलेल्या दगडाच्या कडा मात्र गोल आणि गुळगुळीत होतात.

दीड तास सगळे खाली वाकून चालत होतो. ह्यांनी गोळा केलेले सगळे दगड निव्वळ दगड निघाले. मुलीला एका बाभळीजवळ, गोट्यांच्या थराच्या पायथ्याशी, तांबूस जास्परचा एक छिलका दिसला. बोटाच्या दोन पेरांएवढा. एका बाजूला फुगवटा, त्यावर लाटा, आणि एक धार बारीक बारीक टवके काढून सरळ केलेली. बाणाचे टोक नव्हते. पण तासणी असावी, असे मला वाटले. तिने तो हातात घेतला, अंगठा बरोबर त्या खोलगट जागी बसला, आणि तिचा चेहरा असा काही फुलला!

"घरी नेते," ती म्हणाली. मी 'नाही' म्हटले. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. मामासुद्धा म्हणाला, "ताई, एका दगडानं काय होतंय? हजारो पडलेत."

तेव्हा मी तिला माझ्या डब्याची गोष्ट सांगितली. मी चौथीत असताना पावडरच्या रिकाम्या डब्यात असेच दगड साठवले होते. मला कुणी काही सांगितले नव्हते, नुसते रंग आवडायचे. एकदा पुण्याहून पाहणीला आलेला एक विद्यार्थी शाळेत पाणी प्यायला थांबला. मी डबा दाखवला. त्यातला एक हिरवट दगड उचलून तो एकदम उभाच राहिला. "हा कुठे सापडला?" मी म्हटले, "नदीत." "नदीत कुठे? पाण्यात की काठात? वर की खालच्या थरात? बरोबर काय होतं?" मला काहीच सांगता येईना. सगळे दगड एकाच डब्यात. त्याने तो दगड दोनदा उलटापालटा केला आणि हळूच परत ठेवला. रागावला नाही. 'छान आहे' म्हणाला. पण तो डब्यात ठेवताना त्याचे तोंड कसे झाले होते, ते मी विसरलेले नाही.

कारण दगडाचे वय दगडावर लिहिलेले नसते, ते थरावर असते. वर सापडला की खाली, शेजारी कुठले हाड, कुठले खापर, यावरून तो कुणाचा ते कळते. आपल्याच जिल्ह्यातल्या दायमाबादची गोष्ट घ्या. १९७४ साली झुडपाची मुळे खणताना तिथे ब्राँझचा बैलगाडीसारखा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार अप्रतिम शिल्पे मिळाली. वजन सगळी मिळून ६० किलोंहून जास्त! पण ती शास्त्रीय उत्खननात, थराबरोबर मिळाली नाहीत. म्हणून ती नेमकी किती जुनी, यावर विद्वानांत अजून एकमत नाही. (संरक्षित जागेत परवानगीशिवाय खणणे हा तर कायद्याने गुन्हाच आहे, हे डी.एड.च्या परिसर अभ्यासात आम्हाला कुणी सांगितले नव्हते. सांगायला हवे होते.)

मुलीने नाक ओढले. "म्हणजे काल काकांनी सांगितलं ना, उखळ कुणाच्या घरचं... तसंच?"

मी मान हलवली. मग आम्ही त्या दगडाशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढले. तिने वहीत नकाशा काढला: बाभूळ, पाण्याचा पाइप, काठाची उंची मामाच्या खांद्याएवढी. तारीख घातली. आणि दगड होता तिथेच, होता तसाच ठेवला. निघताना तिने तीनदा मागे वळून पाहिले. ती बाभूळ नेवाशाच्या वर की खाली, हे मी इथे छापत नाही. नाहीतर पुढच्या रविवारी तिथे जत्रा भरायची!

सोमवारी संध्याकाळी कपडे धुवायला काढले. धाकट्याची चड्डी बादलीत टाकणार, तोच खिशातून 'टक्' असा आवाज. हात घातला तर पांढऱ्या गारगोटीचे एक चिमुकले पाते. नखाएवढे. पाठीकडे वाकडे, समोर धारदार. चंद्रकोर!

मी जोरात हाक मारली. तो आला आणि खिसा बघताच भिंतीला चिकटून उभा राहिला.

"कुठे सापडलं हे?"

"ताईच्या बाभळीपासून पाण्याकडं अकरा पावलं," तो एका दमात म्हणाला. "मग डावीकडं दोन. वर नव्हतं, अर्धं मातीत होतं. शेजारी शिंपला होता. मी हातावर लिहिलं होतं, पण आंघोळीत गेलं. म्हणून पाठ केलं."

"अकरा नाही, सात असतील," आतून मुलगी ओरडली. "माझी सात होतात!"

"माझी अकराच!"

हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "अरे, तुझी पावलं केवढी, तिची केवढी!" मग पट्टी आली. धाकट्याला हॉलमध्ये चालायला लावून त्याचे एक पाऊल मोजले, ते एकेचाळीस सेंटिमीटर भरले. पाते कापसात गुंडाळून काड्यापेटीत ठेवले आणि चिठ्ठी लिहिली: 'बाभळीपासून पाण्याच्या दिशेने ११ पावले (धाकट्याची), डावीकडे २. अर्धे मातीत. शेजारी शिंपला.' गुढीपाडव्याला मामाकडे जायचे आहे. ती पेटी सध्या देव्हाऱ्यात आहे, आणि तिसरीतला एक मुलगा रोज शाळेत जाण्यापूर्वी ती उघडून बघतो.